टोपलीखालचं झाड

आमचे घरमालक रोज संध्याकाळी बरोबर साडेपाचला घरातल्या एका कुंडीवर टोपली पालथी घालायचे आणि सकाळी आठला ती उचलायचे. मधल्या वेळात त्या टोपलीला कुणी बोट लावलं तर त्याची धडगत नसे. वाणगावात त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत मी चौदा वर्षं भाड्याने राहिले, आणि खरं सांगते, त्याचा मला अजून अभिमान वाटतो. आता ते नाहीत, तीन वर्षं झाली. पण त्यांचा विषय निघाला की लोक आधी हसायलाच लागतात, म्हणून म्हटलं, आपणच नीट लिहून ठेवावं. मी सातवीपर्यंत शिकलेली, शिवणकाम करणारी बाई. बोलल्यासारखंच लिहिणार, चालवून घ्या.

सगळा गाव त्यांना फाटकवाले म्हणायचा. तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर नोकरी केलेली. मी तोंडावर त्यांना भाऊ म्हणायची आणि ते मला ताई. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, डहाणूला एक बहीण. घरातून रस्त्यावर उतरताना आधी डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आमच्या आळीत सायकलसुद्धा दिवसातून चार वेळा येते, पण नाही. बघितल्याशिवाय पाऊल नाही. देवळाच्या पायरीवरही तसंच. गुरव म्हणायचा, भाऊ, आतून गाडी नाही येत. ते म्हणायचे, येत नाही तोवर येत नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भाडेकरू व्हायच्याही आधी, माझ्या चुलतभावाच्या वरातीत. माझं माहेर चिंचणीचं, आमचे लोक होडीवर मासेमारी करणारे. वरात म्हटली की गाणं, नाच, आणि उशीर. मुहूर्त डोक्यावर आला आणि फाटक पडलेलं. नवऱ्यामुलाचा मामा खाली उतरला, हातापाया पडला, मग शिव्या दिल्या, मग म्हणाला, गाडी कुठे दिसतेय, दोन मिनिटं उघडा. फाटकवाले हातात झेंडी घेऊन ताठ उभे. म्हणाले, "स्टेशनातून फोन आलाय. त्यांनी दिलेला नंबर वहीत लिहिलाय. आता हे फाटक माझं नाही, गाडीचं आहे." वीस मिनिटं आम्ही तिथे उभे. शेवटी बँडवाल्यांनी तिथेच वाजवायला घेतलं आणि बाया रुळाच्या अलीकडे नाचल्या. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि या माणसाने नवऱ्यामुलाला कडक सलाम ठोकला. मामा म्हणाला, येडा आहे. मला तेव्हाच वाटलं होतं, येडा नाही हा.

आता झाडाचं सांगते. ते निवृत्त झाले तेव्हा सोबतच्या लोकांनी हार घातला, नारळ दिला आणि एक लहानशी कुंडी दिली. जाड, चकचकीत पानं आणि वर केशरी फुलांचे गच्च तुरे. नर्सरीवाले त्याला कलांचो म्हणतात. आपली पानफुटी असते ना, जिचं पान मातीत टाकलं की कडेने रोपं फुटतात, तिचीच शहरात शिकून आलेली बहीण समजा. पानात पाणी साठवून ठेवणारं झाड. दीड-दोन महिने ती फुलं टिकली, मग वाळली. फाटकवाल्यांना काळजी वाटली. ते कुंडी घेऊन थेट तलासरीला गेले, हायवेच्या कडेला जिथून ती आणली होती त्या नर्सरीत.

नर्सरीवाल्याने कुंडीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "काका, ए तो फेंकी देवानुं." म्हणजे हे टाकून द्यायचं. फुलं असतात तोवर ठेवायचं, गेली की टाकायचं, नवं न्यायचं, सगळे तसंच करतात.

फाटकवाले कुंडी घेऊन परत आले. दोन दिवस जेवणाचा डबा अर्धा परत गेला. तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मला म्हणाले, "ताई, तीन महिने झाले नाहीत मला घरी बसून आणि हा माणूस मला सांगतो, फुलं गेली की टाकून द्यायचं." मी म्हटलं, भाऊ, तो झाडाबद्दल बोलत होता. ते म्हणाले, "मीही झाडाबद्दलच बोलतोय." आणि तिथेच त्यांनी ठरवलं. हेच झाड पुन्हा फुलवायचं, याच कुंडीत, आणि फुललेलं नेऊन त्या माणसाच्या टेबलावर ठेवायचं. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्यात दुसरं काम उरलं नाही.

झाड झोपायच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. सकाळचं कोवळं ऊन लागायचं, दुपारचं लागू द्यायचे नाहीत. पाणी देण्याआधी खालचं एक पान अंगठ्याने दाबून बघायचे, डॉक्टर पाय सुजलाय का बघतो तसं. पान टणक असलं की म्हणायचे, तहान नाही. जरा मऊ लागलं की थोडं पाणी, तेही मातीत, पानावर नाही. दर रविवारी कुंडी जराशी फिरवायची, म्हणजे एकाच अंगाला वाकू नये. झाड कसं झालं म्हणता. हिरवंगार, एका बुंध्याचे तीन बुंधे. पण फूल नाही. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेजारच्या काकू येता-जाता विचारायच्या, काय हो, कोबी कधी काढताय.

तिसऱ्या वर्षी माघात एक गंमत झाली. झाडाची एक फांदी लोखंडी कपाटाच्या मागे गेली होती, आणि त्या एकाच फांदीला, तिथे अंधारात, पाच-सहा फुलं आली. बाकी सगळं झाड कोरडं. कुणी दुसरा असता तर खूश होऊन शेजाऱ्यांना दाखवलं असतं. यांनी अपघाताची चौकशी करतात तशी चौकशी लावली. जमिनीवर खडूने रेघा मारल्या. दिवसा कुठवर उजेड येतो, रात्री कुठवर. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. तीस वर्षं फाटकावर दिव्याखाली बसलेला माणूस, त्यांना अंधारात झोपच येत नसे. खोलीत रात्रभर बल्ब जळायचा. झाडाला वाटत होतं की दिवस मावळलाच नाही. कपाटामागच्या फांदीला तेवढी रात्र मिळाली होती.

मी म्हटलं, मग भाऊ, बल्ब बंद करा, सोपं आहे. ते म्हणाले, तो बंद केला की मी जागा राहीन, आणि रात्रभर जागून मी झाडाकडे रागाने बघेन. त्यापेक्षा झाडाला त्याची रात्र वेगळी देऊ.

अशी टोपली आली. वाणगावच्या मिरच्या भरतात तसली बांबूची मोठी टोपली. तिला आतून काळं अस्तर शिवायचं काम माझं. जुन्या छत्र्यांचं कापड जोडून मी दुहेरी अस्तर घातलं आणि मला वाटलं, झालं. कसलं झालं. दुसऱ्या दिवशी काकू धावत आल्या, म्हणाल्या, चल गो, तुझ्या मालकाला काहीतरी झालंय. जाऊन बघते तर हे भरदुपारी अंगणात पाटावर बसलेले, डोक्यावर खांद्यापर्यंत टोपली. आतून आवाज आला, "ताई, डाव्या कानामागे एक भोक आहे. सुई घेऊन या." तीनदा उसवलं, तीनदा शिवलं. चौथ्या वेळेला आतून म्हणाले, आता रात्र झाली.

काकूंना मात्र ते पटलं नाही. दिवेलागणीच्या वेळेला लोक घरात उजेड करतात, हा माणूस झाकण घालून काळोख करतो, लक्ष्मी काय टोपलीखाली जाणार आहे का, असं त्या चारचौघींत म्हणायच्या. फाटकवाल्यांनी यावर वाद घातला नाही. आधी टोपली घालायचे, मग हात धुऊन देवाला दिवा लावायचे. साडेपाचला टोपली, नंतर दिवा, हा क्रम ठरला तो ठरला.

दिवाळी झाली आणि त्यांनी काम सुरू केलं. सहा आठवडे, एकही संध्याकाळ चुकवायची नाही. शंभर पानी वही आणली, रेघा मारल्या: तारीख, झाकलं, उघडलं, शेरा. शेऱ्यात काय, तर 'पान टणक', 'पाणी नाही', 'ढग होते, तरी झाकलं'. मी हसले तर म्हणाले, जे लिहिलं नाही ते घडलं नाही, आणि जे घडलं नाही ते लिहिलं तर माणूस मरतो. फाटकावरची सवय. त्यांच्या तोंडी ते ऐकलं की हसू आपोआप थांबायचं.

दोन आठवडे सुरळीत गेले आणि डोळ्याने दगा दिला. मोतीबिंदू पिकला होता. डहाणूला ऑपरेशन ठरलं, आणि बहिणीने हट्टच धरला की पंधरा दिवस इथेच राहायचं. त्यांना डोळ्याची चिंताच नव्हती. मला बोलावून चार्ज दिला. खरोखर दिला. वही, टोपली, खोलीची किल्ली, आणि वहीत 'चार्ज घेतला' असं माझ्याकडून लिहून घेतलं. जाताना म्हणाले, पाणी शक्यतो नकोच. मी म्हटलं, भाऊ, मी काय आज जन्मले आहे का.

आणि इथेच मी माती खाल्ली.

आमच्या चिंचणीला कुठलीही बाई मासळी धुतलेलं पाणी गटारात ओतत नाही. ते कढीपत्त्याला, शेवग्याला, मिरचीच्या रोपाला. माझ्या आईचा कढीपत्ता असल्या पाण्यावर घराच्या वर गेला होता. मी पण जन्मभर तेच केलं. चौथ्या-पाचव्या दिवशी झाडाकडे बघितलं, तर शेंड्यांना अगदी बारीक, मोहरीएवढ्या कळ्या धरू लागल्यासारख्या दिसल्या. मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, बिचारीला नुसतं कोरडं ठेवलंय, जरा अंगाला लागेल असं काही द्यावं. दुपारी बोंबील धुतले होते. ते पाणी नेऊन कुंडीत घातलं, चांगलं तांब्याभर. प्रेमाने घातलं हो. साडेपाचला टोपली घातली, दिवा लावला आणि माझ्या खोलीत गेले.

सकाळी आठला दार उघडलं तर टोपली एका कोपऱ्यात, झाड उघडं आणि माती जमिनीवर. आळीतलं मांजर खिडकीतून आत शिरलं होतं. त्याला बोंबलाचा वास आला, त्याची काय चूक. कुंडी उकरून ठेवली होती. आणि वर बल्ब जळत होता, कारण माणूस घरी असो नसो, बल्ब रोज चालू ठेवायचा हेही मी चार्जमध्ये घेतलं होतं. मी माती भरली, जमीन पुसली, खिडकीला जाळी ठोकून घेतली. पण तीन दिवसांनी एका बुंध्याचं खालचं पान पिवळं पडलं, मग मऊ झालं, मग हात लावला तर बुंधाच कुजक्या केळ्यासारखा दबला.

वही समोर ठेवून मी तासभर बसले. त्या दिवशीच्या रकान्यात मी तोवर काहीच लिहिलं नव्हतं. 'झाकलं ५.३०, उघडलं ८' असं लिहिलं असतं तर ते खोटंही नव्हतं. झाकलं होतंच की साडेपाचला. झाड कुजलं तर कुजलं, झाडं कुजतात. त्यांना एका डोळ्याने काय दिसणार होतं. पण वहीच्या वरच्या पानांवर त्यांचं ते ठसठशीत अक्षर, आणि खाली माझी रिकामी जागा. शेवटी लिहिलं. जसं लिहिलं तसंच सांगते: 'मांजराने टोपली पाडली. रात्रभर उजेड लागला. चूक मांजराची नाही. मासळीचं पाणी मी घातलं.'

पंधरा दिवसांनी ते आले. डोळ्यावर काळा चष्मा. आधी झाडाकडे गेले नाहीत, वही मागितली. खिडकीपाशी उभे राहून पान डोळ्याच्या अगदी जवळ धरून वाचलं. मी दारात उभी. मनात म्हटलं, खोली सोडा म्हणाले तरी निमूट सोडायची. त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मग खिशातलं पेन काढलं, शेऱ्याच्या रकान्यात माझ्या ओळीखाली दोन शब्द लिहिले आणि सही केली. 'नोंद बरोबर.' बस. एक शब्द बोलले नाहीत त्यावर, त्या दिवशीही नाही आणि नंतर कधीही नाही. माझ्या नावावर आयुष्यात कसलं सर्टिफिकेट नाही. पण ते पान माझ्याकडे आहे.

मग म्हणाले, सुरी आणा. वाकायला डॉक्टरांनी मनाई केली होती, म्हणून ते खुर्चीवर आणि मी खाली. ते सांगतील तसं मी केलं. झाड मातीतून काढलं, मुळं झटकली, कुजलेला बुंधा कापून टाकला. उरलेल्या दोघांची जखम लगेच मातीत घालायची नाही, कागदावर सावलीत तीन दिवस सुकू द्यायची, नाहीतर पुन्हा कुजेल. मग निम्मी वाळू घालून कोरडी माती, आणि आठवडाभर पाण्याचं नाव नाही. कळ्या गळून गेल्या होत्या. त्यांनी वहीत आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, दिवस पहिला. सहा आठवडे पुन्हा सुरुवातीपासून. आता टोपली मी घालायची, वेळ ते सांगायचे. दोघांची एक ड्यूटी.

माघ संपता संपता त्या दोन बुंध्यांवर फुलं आली. गच्च केशरी, पानं दिसेनात. काकूंनी मुकाट्याने येऊन बघितलं, आणि जाताना म्हणाल्या, एक फांदी मला लावायला दे गो. झाकायचं कसं तेही सांग.

तलासरीला आम्ही दोघं गेलो. डहाणूहून एसटी. झाड त्यांच्या मांडीवर, फडक्यात गुंडाळलेलं. वाटभर ते ओठातल्या ओठात काहीतरी घोकत होते. मला कळत होतं, तीन-चार वर्षं मनात जुळवलेलं भाषण होतं ते.

नर्सरीवाला फोनवर बोलत होता. यांनी फडकं सोडलं आणि कुंडी त्याच्या टेबलावर ठेवली. तो बघतच राहिला. म्हणाला, मस्त माल आहे काका, विकायचा आहे का. यांनी सांगितलं, हे तुमच्याकडचंच, तुम्ही टाकून द्या म्हणाला होतात. त्याला काही आठवलं नाही. हसून म्हणाला, काका, रोज कितीतरी माणसं येतात. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भाषण आलंच नाही बाहेर. मग तो माणूस आपणहून विचारू लागला, कसं केलं, काय घातलं, आणि यांनी सगळं सांगितलं, टोपली, साडेचौदा तासांची रात्र, मांजरसुद्धा. माझी चूक सांगितली नाही. नर्सरीवाला मान हलवत म्हणाला, "सारुं छे काका, छान आहे, पण एवढं करायला टाइम कोणाला आहे."

"मला आहे," फाटकवाले म्हणाले.

शेडच्या मागे एक बाई घमेल्यातून फुलं गेलेली रोपं कचऱ्यावर ओतत होती. आमच्यासारखीच जाड पानांची, तुरे वाळलेली, काही उलटी पडलेली, मुळं उन्हात. यांनी रस्ता ओलांडतात तसं डावीकडे-उजवीकडे बघितलं आणि तिच्याकडे गेले. म्हणाले, बाय, ही मला दे. ती म्हणाली, बाबा, ही मेलेली कशाला, पुढे ताजी आहेत ना. ते म्हणाले, मेलेली नाहीत. नर्सरीवाल्याने हात हलवून न्या म्हटलं. दोन गोण्या भरल्या. गोण्या धरायला त्यांचे हात अडकले, म्हणून फुललेली कुंडी त्यांनी माझ्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक शाळेतली बाई बसली होती. फुलांकडे वाकून बघत तिने विचारलं, किती सुंदर, कुठे विकत मिळालं. मी म्हटलं, विकत नाही हो, आम्ही फुलवलंय. असं काही बोलून मोकळी झाले आणि मग मलाच प्रश्न पडला. आम्ही म्हणणारी मी कोण.

पुढच्या बाकावर फाटकवाले दोन गोण्या पायांत धरून खिडकीबाहेर बघत होते. डहाणू जवळ आलं तेव्हा मान वळवून म्हणाले, "ताई, उद्या सकाळी शिवण आहे का?"

मी म्हटलं, दोन ब्लाउज द्यायचे आहेत, का?

"छत्तीस रोपं आहेत. वाळके तुरे काढायचे, मुळं बघायची, एकेकाला कुंडी करायची. एकट्या माणसाचं काम नाही हे."

मी म्हटलं, ब्लाउज थांबतील.